उभा केलेला दगड

नव्या स्मारकाचा ग्रॅनाइट गुरुवारी आला, ट्रकमधून, चारी बाजूंनी पेंढ्यात गुंडाळून, जसं काही आत अंडीच आहेत. तेव्हापासून गाबोरींच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ते फुटलंच.

"उद्या अकराला बँड येणार," क्लोविस म्हणाला. त्याच्या तोंडात पाव होता, तरी बोलणं काही थांबत नव्हतं. "कर्नल येणार. घोडदळाच्या शाळेची पोरं येणार, पांढरे हातमोजे घालून. लढाईचं पंचविसावं वर्ष आहे, थट्टा नाही. आणि आपल्या फाटकाशी काय उभं आहे? पोपडे निघालेलं खापर."

"पोपडे निघू देत," म्हातारा आन्सेल्म म्हणाला.

"पापा, निम्मं नाव गळून पडलंय. नुसतं 'गास्प' राहिलंय. कर्नल काय वाचणार, गास्प?"

"मी उद्या सकाळी कोरतो परत."

"कशानं? चमचा धरताना सूप सांडता तुम्ही."

सोलांजनं पावाची सुरी खाली ठेवली. मोठ्या भावावर ती लहानपणापासून चिडत आली होती आणि आता एकोणचाळिसाव्या वर्षी ती सवय सुटणार नव्हती.  पण या एका विषयावर ती पंचवीस वर्षं काही बोलली नव्हती.

क्लोविसला तेवढंच हवं असतं, समोरचा गप्प बसायला. तो बायकोकडे वळला. "सांग ना जिनेत, मी चुकीचं बोलतोय का? उभ्या नदीकाठी पापांसारखा पाथरवट नव्हता. चर्चच्या कमानी यांनी बसवल्या. आणि हा एक दगड बसवताना काय केलं? शाळकरी पोरगं करणार नाही ते केलं. जमिनीत थर आडवे असतात, तर दगड बसवतानाही आडवेच ठेवायचे. यांनी उभा करून ठेवला. मग थंडीत पाणी शिरतं, गोठतं, आणि पापुद्रा निघतो. दर हिवाळ्यात निघतो. दर जूनमध्ये हे बसतात नाव कोरत. पंचवीस वेळा एकच नाव!"

"जेव गप," जिनेत म्हणाली. पण ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती सोलांजकडे बघत होती.

आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. तीन थापा.

क्लोविस सोडून तिघंही जागच्या जागी थिजले. गाबोरींच्या दारावर कुणी थाप मारत नाही. दाराशेजारी घंटा टांगलेली आहे, दोरी ओढायची. म्हाताऱ्यानं ती चाळीस सालच्या उन्हाळ्यातच बसवली होती आणि पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना बजावलं होतं, की माझं दार ठोकायचं नाही. लोक म्हणायचे, लहरी आहे म्हातारा. डोंगर पोखरून केलेल्या घरात राहिलं की माणूस लहरी होणारच.

"कोण गावंढळ आहे?" म्हणत क्लोविस उठला.

दारात एक बाई उभी होती. पन्नाशीतली असावी, करडा कोट, हातात छोटी बॅग, उन्हानं लाल झालेलं नाक. "माफ करा हं," ती म्हणाली. "घंटा मला दिसलीच नाही. मी मातिल्ड उंब्लो. गास्पारची बहीण."

सोलांज खुर्चीतून अर्धवट उठली. त्या 'माफ करा हं' मुळे उठली. शब्द तेच आणि सूरही तोच. शेवटी थोडासा वर जाणारा.

क्लोविसचा चेहरा एका क्षणात गावच्या कौन्सिल-सभासदाचा झाला. "मादाम! अहो या, या! आम्ही उद्या स्टेशनवर गाडी पाठवणार होतो. बसा. जिनेत, ताट लाव. रांधलेली अळंबी आहे, घरामागच्या आमच्याच दगडखाणीत वाढवलेली. तुमच्या भावाच्या शाळेचीच लीद वापरतो आम्ही, हां, घोड्यांची! म्हणजे नातंच म्हणायचं."

असलं बोलणं फक्त क्लोविसच करू शकतो. मातिल्ड उंब्लो हसली नाही, पण रागावलीही नाही. ती बसली, दोन घास खाल्ले, आणि बॅग उघडून एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. कागद घड्यांवर फाटायला आला होता.

"मी उद्याच्या बँडसाठी नाही आले," ती म्हणाली. "मला एक सही हवी आहे."

"कसली सही?"

"हे एकेचाळीस साली आमच्या घरी आलं. वाचा तुम्ही."

क्लोविस मोठ्यानं वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. कॅडेट गास्पार उंब्लो, वय वीस. मृतदेह आपल्या ठाण्यापासून दोन किलोमीटर मागे, दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिळाला. जवळ शस्त्र नाही. कोटाखाली सदरा नाही. परिस्थिती अस्पष्ट.

"अस्पष्ट म्हणजे पळाला," मातिल्ड म्हणाली. "गणवेश काढून टाकत होता, बंदूक फेकून दिली, आणि पळाला. आमच्या गावात सगळ्यांना वाचता येतं. वडलांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. चौकातल्या स्मारकावर गावच्या अकरा पोरांची नावं आहेत. त्याचं नाही. आई रोज त्या चौकातून पाव आणायला जायची, नाव नसलेल्या दगडावरून. दोन्ही गेले आता. आता नवे मेयर म्हणतात, कुणी पाहिलं असेल, लिहून देत असेल, तर नाव घालू. एक साक्षीदार हवा."

"एकच ना?" क्लोविसनं छाती पुढे काढली. "अख्खं गाव साक्षीदार आहे, मादाम! तुमचा भाऊ आमच्या फाटकाशी लढता लढता पडला. दगडावर लिहिलंय तसं, 'शत्रूसमोर'."

"तुम्ही पाहिलं?"

"मी... मी तेव्हा जर्मनांच्या कैदेत होतो."

"मग कुणी पाहिलं?"

 मागच्या खाणीत कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"शत्रू नदीवर होता," मातिल्ड शांतपणे म्हणाली. "नदी उत्तरेला. मी बसमधून उतरून बघत आले. इथं शत्रू कुठून असणार समोर?"

सोलांजनं तोंड उघडलं. त्याच क्षणी टेबलाखाली जिनेतनं तिचं मनगट पकडलं. पंचवीस वर्षांपूर्वीचीच ती पकड होती. चार बोटं वर आणि अंगठा नाडीवर. तेव्हा जिनेत अठरा वर्षांची होती, आर्देनमधून सायकल ढकलत आलेली निर्वासित, आणि सोलांज चौदाची. क्लोविस कैदेतून परत आला आणि त्यानं याच मुलीशी लग्न केलं. त्या दिवसापासून दोघी एका घरात राहिल्या, एका भांड्यात सूप ढवळलं, आणि त्या पकडीबद्दल कधी बोलल्या नाहीत.

"मला बाहेर घेऊन चला," आन्सेल्म एकदम म्हणाला. "दगडापाशी."

क्लोविसनं खुर्ची उचलली, सोलांजनं म्हाताऱ्याला हाताला धरलं. दारापासून फाटकापर्यंत तीस पावलं. म्हाताऱ्याला आता तेवढ्यालाच दहा मिनिटं लागायची. मातिल्ड मागून चालत होती, बॅग तशीच हातात धरून.

फाटकाशी भिंतीला पाठ लावून तो दगड उभा होता, कमरेएवढा. राखाडी शेवाळ, त्यातून मध्येच नवा पांढरा ओरखडा. शेजारी पेंढ्यातून काढलेला ग्रॅनाइट, काळा, चकचकीत, सोनेरी अक्षरांचा. क्लोविसनं शेडमधून पहार आणली होती.

"थांब," म्हातारा खुर्चीत टेकत म्हणाला. "एकदा कोरू दे. उद्यापुरतं. सोलांज, छिन्नी."

तिनं त्याच्या मांडीवर छिन्नी ठेवली, हातोडा दिला. त्यानं टोक अक्षरावर टेकवलं. टोक घसरलं. परत टेकवलं. परत घसरलं, आणि उरलेल्या 'गास्प'मधला शेवटचाही तुकडा खाली पडला.

"नका कोरू," मातिल्ड म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "खरंच नका. पळपुट्याचं नाव असेल तर कशाला, आणि नसेल तर तुम्हाला ते माहीत असून तुम्ही गप्प बसलाय. दोन्हीतलं काय, तेवढं तरी सांगा!"

म्हातारा छिन्नीकडे बघत राहिला. मान वर करेना. आणि सोलांजला राग आला. आपल्या बापाचा, वहिनीचा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा.

"क्लोविस," ती म्हणाली. "काढ तो दगड."

"आता कशी शहाणी झालीस—"

"काढ. आणि पालथा पाड. मागची बाजू वर येऊ दे."

"सोलांज!" म्हातारा ओरडला. एवढा आवाज त्याच्यात शिल्लक असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पाड म्हणते ना मी!"

"सोलांज, नको," जिनेत कुजबुजली. मग तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, तो पुन्हा नणंदेच्या मनगटाशी जायला निघाला होता. तिनं तो मागे घेतला आणि एप्रनमध्ये गुंडाळून टाकला. "पाड, क्लोविस," ती म्हणाली.

बायको आणि बहीण एका बाजूला, असं क्लोविसनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं पापांची खुर्ची फाटकाच्या बाजूला सरकवली आणि पहार घातली. मऊ दगड करकरला, भिंतीपासून सुटला, आणि फाटकाच्या वाटेतच तोंडावर आपटला. पाठ वर आली.

पाठ गुळगुळीत होती. आणि बरोबर मधोमध एक खळगा होता, उथळ, बशीसारखा. शंभर वर्षं माणसांचे पाय पडले की पडतो तसा. खळग्यात तपकिरी डाग होता.

क्लोविस वाकला. त्यानं खळग्यात बोटं फिरवली. लहानपणी पावसाचं पाणी साचायचं त्यात, आणि तो तिथं कागदाच्या होड्या सोडायचा.

"हा आपला उंबरा," तो म्हणाला. "पापा? तुम्ही तर सांगितलंत, तोफगोळ्यानं फुटला. म्हणून सिमेंटचा घातला म्हणालात."

 मग सोलांजच बोलली. मातिल्डकडे बघून बोलली, भरभर, मध्ये थांबली तर परत सुरू करता येणार नाही अशी.

"तो पहाटे आला. साडेचार वाजले असतील. जर्मन होड्यांतून या काठाला उतरले होते. आत आम्ही एकतीस माणसं होतो, बहुतेक निर्वासित, आठ लहान मुलं. त्यानं दार ठोकलं, तीन थापा. म्हणाला, अक्रोडाच्या झाडाखाली माझे दोघं जखमी आहेत, मी एकालाही इथवर ओढत आणू शकत नाही, तुमची हातगाडी द्या. अळंब्यांची ती गाडी दाराच्या फटीतून दिसत होती त्याला. आत दाराला लागून होती. कुणी बोललं नाही. त्यानं परत ठोकलं, म्हणाला, दार नका उघडू हवं तर, गाडी नुसती बाहेर ढकला. मी दाराच्या अडसराला हात घातला होता."

"आणि मी तिचा हात धरला," जिनेत म्हणाली. "माझा धाकटा भाऊ आत होता, सहा महिन्यांचा. मला वाटलं, दार उघडलं की तो रडेल. बस, एवढंच वाटलं."

"मग?" मातिल्ड म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा ठोकलं. हळू. आणि म्हणाला, 'बरं. माफ करा हं.' आणि परत काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, गेला. त्याला स्वतःला पोटात लागलं होतं, ते त्यानं सांगितलंच नाही. इथं बसून होता तो. उंबऱ्यावर. उजाडल्यावर पापांनी दार उघडलं तर दाराबरोबर आत पडला."

"सदरा," मातिल्ड म्हणाली.  "सदरा कुठं होता?"

"अक्रोडाखाली दोघं सापडले, दोन दिवसांनी. मेलेले. एकाच्या मांडीला सदऱ्याच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. तिन्ही बंदुका त्यांच्यापाशीच होत्या. त्या दोघांना स्मशानात पुरलं. ते वेगळे, हा वेगळा, असंच सगळ्यांना वाटलं. मला माहीत होतं."

"पण मग तो रस्त्यावर कसा गेला?"

आता आन्सेल्मनं मान वर केली.

"मी नेला," तो म्हणाला. "उचलून. इथं, रस्त्यापर्यंत. पोरीचा काही संबंध नाही, ती चौदा वर्षांची होती. दार माझं होतं. मला वाटलं, रस्त्यावर सापडला तर लढताना पडला असं दिसेल. त्याला मान मिळेल."

"पळताना पडला असं दिसलं," मातिल्ड म्हणाली.

"मला माहीत नव्हतं तुमच्या कागदाचं. शपथेवर सांगतो. नाव त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर होतं, तेवढंच कळलं मला. उंबऱ्यातला डाग जाईना. हा दगड पितो. घासला, चुना लावला, जाईना. म्हणून उपटला आणि इथं उभा केला. उभा करू नये ते मला माहीत आहे, मादाम. त्याचे पापुद्रे निघणार, ते माहीत होतं. निघायलाच हवे होते. म्हणजे दरवर्षी मला गुडघ्यावर बसून परत कोरायला लागेल."

क्लोविस पहारीवर रेलून उभा होता. "उद्या बँड आहे," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "कर्नलला मी काय सांगू? सोन्याचं पाणी दिलंय त्या अक्षरांना. 'शत्रूसमोर'."

"बरोबरच लिहिलंय," जिनेत म्हणाली. "शत्रूसमोरच मेला तो. तोंड आमच्या दाराकडे होतं."

क्लोविसनं वीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे असं पाहिलं, जसं आज पहिल्यांदा तिचं नाव ऐकलं. मग त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली. 

मातिल्डनं बॅगेतून दुसरा कागद काढला, कोरा. तो कशावर ठेवायचा ते तिला कळेना. काळा ग्रॅनाइट शेजारीच होता, सपाट आणि थंड. तिनं त्याच्यावर ठेवला. सोलांजनं लिहिलं, जसं सांगितलं तसंच, खाडाखोड न करता. खाली सही केली. जिनेतनं सही केली, लग्नाआधीच्या आडनावानं, कारण तेव्हा ती तीच होती. मग कागद म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.  सही झालीच नाही, पण एक खूण झाली, त्रिकोण आणि त्यात रेघ. चर्चच्या प्रत्येक कमानीवर, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, हीच खूण आहे.

मातिल्डनं कागदावर फुंकर मारली, घडी घातली.

"सहाची बस आहे," ती म्हणाली.

"उद्या थांबणार नाही तुम्ही?" सोलांजनं विचारलं. विचारलं आणि लगेच वाटलं, कुठल्या तोंडानं विचारतोय आपण.

"नाही." ती दगडाशी वाकली. तिनं खळग्याला हात लावला नाही. नुसतं बघितलं, तो तिथं कसा मावला असेल ते मापत असल्यासारखं. मग आन्सेल्मकडे वळली.

"पंचवीस वेळा नाव कोरलंत," ती म्हणाली. "मुसियो, एक पत्र लिहायचं होतं. एकच. आईला वाचता यायचं."

आणि ती गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिची करडी पाठ दिसत राहिली. कुणी तिला सोडायला गेलं नाही. तिनं नको म्हटलं नव्हतं, पण कुणाची हिंमतच झाली नाही.

जिनेत क्लोविसच्या मागे शेडकडे गेली. तिथून दोघांचे आवाज यायला लागले, आधी त्याचा, मग तिचा, मग नुसता तिचा. सोलांज म्हाताऱ्यापाशी राहिली.

"चला पापा. आत चला."

तो उठला. दोन पावलं टाकली. पुढं वाटेत तो दगड पडला होता, भिंतीपासून फाटकापर्यंत आडवा, आणि बाजूनं जायला जागा नव्हती. त्यानं एक पाय उचलला. दगडाच्या वर धरून ठेवला. ठेवता येईना आणि मागेही घेता येईना. मग तो खाली बसला, दगडावरच, खळग्यात, घराकडे तोंड करून.

"उठा."

"नाही उठवत."

"क्लोविसला बोलावते."

"नको त्याला."

सोलांज घराकडे गेली. दार उघडंच होतं. आत दाराला लागून ती हातगाडी होती, त्याच जागी, दांडे वर केलेली. चाक तेवढं बदललेलं होतं. रोज ही गाडी मागच्या दारानं बाजाराला जायची. या दारानं तिला कुणी कधी काढलं नव्हतं, आणि का काढत नाही ते कुणी कधी विचारलंही नव्हतं. तिनं दांडे धरले आणि सिमेंटच्या उंबऱ्यावरून गाडी बाहेर ढकलली. चाक धाडकन उतरलं.

म्हाताऱ्यानं आवाज ऐकला, गाडी बघितली, आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"मला नको ती," तो हातांच्या आतून म्हणाला. "सोलांज, मला नको. माझ्यासाठी नको."

"दुसरं कुणी नाहीये आता," ती म्हणाली, आणि ढकलत राहिली.